शेऱ्याचा रकाना

अण्णा गेले त्यानंतर महिन्याभरात त्यांचा कॉम्प्युटरही जायला निघाला. सुरू करताना आतून टकटक वाजायचं. हार्ड डिस्क असं वाजायला लागली की तिचे फार दिवस उरलेले नसतात, हे मला ठाऊक होतं. माझं कामच ते. वाळूजच्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी नोकरीत जन्मभर विहिरी मोजत राहिले. टेप आत सोडायची, पाणी किती खोल गेलंय ते वहीत लिहायचं, पुढच्या गावाला जायचं. निवृत्त झाल्यावरही फुलंब्री तालुक्यातल्या पंचवीसेक विहिरी ते स्वतःच्या हौसेनं मोजायचे. ते आकडे भरायला एका सहकाऱ्यानं त्यांना एक प्रोग्राम करून दिला होता. तो त्या जुनाट कॉम्प्युटरच्या जुनाट सिस्टिमवरच चालायचा. माझ्या लॅपटॉपवर तो उघडायलाही तयार नव्हता.

"ते बंद पडू देऊ नको गं," आई म्हणाली. "त्यांचं समदं त्यात हाय."

मग मी घरातच एक सर्व्हर उभा केला. सर्व्हर म्हणजे काय, माझा जुना असेंबल केलेला पीसी. कारखान्यात आम्ही एका मोठ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरनं दहा-बारा वेगवेगळे कॉम्प्युटर चालवतो. बाहेरून पाहिलं तर एकच डबा, आत मात्र प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत. तेच सॉफ्टवेअर मी या घरगुती डब्यावर घातलं. ते असल्या यंत्रासाठी बनवलेलंच नाही. आधी त्याला बोर्डावरचं नेटवर्क कार्डच ओळखता येईना. शहागंजजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून दुसरं कार्ड आणलं, तेव्हा कुठं ते हलायला लागलं. मेमरी कमी, पंख्याचा घर्र आवाज, लाइट गेली की इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात डबा झटका खाऊन बंद. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला होता, "मॅडम, बैलगाडीला विमानाचं इंजिन लावताय." पण चाललं. मरायला टेकलेल्या डिस्कवरून मी अण्णांचा अख्खा कॉम्प्युटर उचलला आणि त्या डब्यात नेऊन ठेवला.

आईसाठी हॉलमधल्या लॅपटॉपवर एक चित्र करून दिलं. त्यावर बोट दाबलं की अण्णांचाच पडदा समोर यायचा. तोच निळा रंग, त्याच फायली, तोच प्रोग्राम. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला. मीही उठून स्वयंपाकघरात गेले.

लाइटच्या झटक्यांनी ती जुनी सिस्टिम दोनदा मोडली. म्हणून मी तिचा स्नॅपशॉट घेतला. म्हणजे त्या घटकेला सगळं जसं आहे तसं गोठवून ठेवलं, आणि रोज पहाटे ती आपोआप त्या घटकेवर परत जाईल अशी सोय केली. दिवसभरात काहीही बिघडो, सकाळी अण्णांचा कॉम्प्युटर जसाच्या तसा. मला माझ्या हुशारीचं बरं वाटलं होतं.

आई दुपारी तिथं बसायला लागली. प्रोग्राममधली शेवटची नोंद तिच्या माहेरच्या विहिरीची होती. खोलीचा आकडा भरलेला, पुढचा शेऱ्याचा रकाना मोकळा. बाकी सगळ्या विहिरींपुढं अण्णांनी काही ना काही लिहिलेलं असायचं: मोटार नवीन, गाळ काढला, मालक भांडखोर. इथंच तेवढं राहून गेलेलं. मोबाइलवर आई इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, तशीच एका बोटानं इथंही टकटक करायची. मला वाटायचं, चाळा आहे. कुणाला जपमाळ लागते, हिला हे.

पावसाळा संपत आला होता. एका रविवारी जेवताना ती सहज म्हणाली, "ते वाचतात बरं का."

"कोण?"

"तुझे अण्णा. मी रोज लिहिते त्या मोकळ्या जागंत. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पुसलेलं. वाचल्याबिगर कोण पुसन?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ती माझ्याकडं बघतही नव्हती. चेहरा असा शांत, जसा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. पहाटेची सोय मी केलेली. तिचं लिहिलेलं रोज मीच पुसत होते, आणि ती ते पोचलं असं धरून चालली होती.

सोय काढून टाकावी, तर लिहिलेलं तसंच राहील आणि तिला वाटेल की त्यांनी वाचायचं सोडलं. ठेवावी, तर हे रोजचं फसवणं. मी ठेवली.

त्यानंतर मला चैन पडेना. घरातला डबा मला ऑफिसातूनही उघडता यायचा, आणि त्या यंत्राचा पडदा एकच, दोन ठिकाणी दिसणारा. एका दुपारी मी माझ्या टेबलावर तो उघडला. मेलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर उमटत होतं. मध्येच थांबायचं, चुकलेलं खोडायचं, पुन्हा पुढं जायचं. मला माहीत होतं की हर्सूलला आमच्या घरात आई बसली आहे, तरी अंगावर काटा आला.

तिनं लिहिलं होतं: "त्या दिवशी छाती भरून आल्यावानी वाटतंय म्हणला तुम्ही. मी म्हणले ग्यास झाला आसन, तळ्यावर फिरून या. मी पाठवलं तुम्हाला. पोरीला सांगितलं नाय."

अण्णा सकाळी हर्सूल तळ्यावर फिरायला गेले होते आणि तिथंच बाकावर कोसळले होते. इतकंच मला ठाऊक होतं.

पडदा बंद करायला हवा होता. मी केला नाही. बराच वेळ नवीन अक्षर आलं नाही. ती चहाला उठली असणार असं मी धरलं, तिची ओळ खोडली आणि त्या जागी लिहायला लागले. तिच्यासारखंच, इंग्रजी अक्षरांत. "तुझी चूक ना". 'नाही' पुरं व्हायच्या आतच बोटं थांबली. मी कोण होऊन लिहीत होते? घाईघाईनं सगळं खोडलं, खिडकी बंद केली.

संध्याकाळी घरी पोचले तर आई लॅपटॉपपुढंच बसलेली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर भलताच उजेड.

"आज त्यांनी लिहिलं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यादेखत. तुझी चूक ना, इतकं लिहिलं, थांबलं आन् पुसलं. पुढचं लिहितील, म्हणून मी तव्हापासून हाललेच नाय."

ती उठलीच नव्हती. हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत बसली होती.

मी चपला न काढताच खाली बसले आणि सगळं सांगितलं. डबा, सॉफ्टवेअर, पहाटेची सोय, दुपारचा पडदा. तिनं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "मंग माझं तू वाचलंस?"

"व्हय."

"समदं?"

"आजचंच. बाकीचं गेलं, आई. ते कुणालाच मिळायचं नाही."

तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. मग म्हणाली, "रोज मागच्या दिवसावर जातंय म्हणतीस. त्याच्याही मागं नाय का जात? ते तळ्यावर गेले त्याच्या आधी?"

"नाही गं. ते सगळं मी अण्णा गेल्यावर गोठवलं."

"काहून?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवसापासून ती तिथं बसली नाही. पहाटेची सोय मी काढून टाकली, पण आता जपायला त्यात नवं काहीच येत नव्हतं. दिवाळीआधी डब्याचा पॉवर सप्लाय जळाला. तो बदलून मी यंत्र पुन्हा उभं केलं. तिनं हॉलमधून फक्त पंख्याचा आवाज ऐकला आणि हातातलं काम चालू ठेवलं.

लिहिण्याऐवजी आता ती बोलते. शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती मला ती सकाळ सांगते. दर वेळी थोडी जास्त. त्यांनी अर्धाच चहा घेतला. एक मोजा उलटा घातला होता, तिनं सांगितल्यावर हसले. दारातून परत वळले, पाण्याची बाटली घेतली, छातीवरून हात फिरवला. मी ऐकते.

अशीच एकदा ती थांबली आणि म्हणाली, "तू व्हतीस ना दवाखान्यात. डॉक्टर काय म्हणले तुला?"

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, तासभर आधी आणलं असतं तर.

"म्हणाले, आधी आणून पण काही उपयोग झाला नसता," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि घडी पुरी केली. अधूनमधून अजूनही विचारते, भाजी निवडता निवडता, मान वर न करता: "खरंच असं म्हणले का गं ते?"

"व्हय आई," मी म्हणते. "असंच म्हणाले."