कालचाच अंदाज

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी शाहूपुरीतल्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. नवखा, म्हणून दुसऱ्या पानावरची किरकोळ कामं माझ्याकडे आली. निधनवार्ता, बाजारभाव आणि हवामानाची चार ओळींची चौकट. रोज दुपारी चारला हवामान खात्याला फोन लावायचा, पलीकडचा माणूस सांगेल ते लिहून घ्यायचं आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे द्यायचं, एवढंच काम.

एप्रिल-मेमध्ये त्या चार ओळी जवळजवळ ठरलेल्याच असत. घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी वळवाची शक्यता, मैदानी भागात हवामान कोरडे. फोन लागला नाही, तर कालचाच अंदाज तारीख बदलून छापायचा. माझ्या आधी हे काम करणाऱ्यानंच मला हे शिकवलं होतं. "कोण वाचतंय ते?" असं वर म्हणालाही होता.

माझे दाजी वाचत होते. कागलजवळ नदीकाठाला त्यांची लहानशी वीटभट्टी होती. मेहुणा पेपरात लागला म्हणून त्यांनी आमचा पेपर सुरू केला होता. सकाळी चहाच्या टपरीवर चौकट मोठ्यानं वाचत आणि "आमच्या पावण्यानं लिवलंय की," असं सांगत. मला त्याचा अभिमानही वाटायचा आणि लाजही.

त्या दिवशी दुपारी मी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा लाइन लागली नाही. आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीच्या संघाचा फुटबॉलचा अंतिम सामना होता आणि मी खोलीवरच्या मित्रांना पाचला मैदानावर येतो म्हणून सांगून आलो होतो. तिसऱ्यांदा फोन लावायचा होता, पण घड्याळाकडे बघितलं आणि कालच्याच ओळी उतरवून दिल्या. खाली आलो तर अंगाला चिकटणारा उकाडा होता. कागलच्या अंगाला ढगांचे ढीग लागले होते, खालून काळे आणि वरून उन्हानं पांढरे. मी ते बघितले. नीट बघितले. मग सायकल काढली आणि मैदानाकडे गेलो.

त्या संध्याकाळी पाऊस आला नाही. सामना आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ऑफिसच्या खिडक्या आपटायला लागल्या. धुळीनं रस्ता दिसेना झाला, मग गारा पडल्या. सहकारी गारा वेचायला गच्चीवर पळाले. मी जागेवरच बसून राहिलो. थोड्या वेळानं ताईचा फोन आला. वारा एवढा होता, की तिचा आवाज तुटत तुटत येत होता. "येऊन जा जरा," एवढंच ती म्हणाली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं गेलो. भट्टीवर, जिथं कच्च्या विटा वाळत घातल्या होत्या तिथं चिखलाचा एक लांबच लांब पट्टा पसरला होता. कुठंकुठं विटेचा एखादा कोपरा वर दिसायचा. हात लावला की तोही बसायचा. जवळजवळ तीन आठवड्यांचं थापकाम होतं ते.

"ताडपत्र्या कुठं होत्या?" मी विचारलं.

"भावकीत लगीन हुतं," दाजी म्हणाले. "मांडवाला सावलीला दिल्या. पेपरात कोरडं हाय म्हणून लिवलं हुतं न्हवं? आता पेपरवाल्यांचा तरी काय दोष. आभाळाचं काय खरं न्हाय."

ते रागात म्हणाले असते तर बरं झालं असतं.

विटा थापायला दरवर्षी सीमेपलीकडून एक नवरा-बायको यायचे. ती बाई चिखलाच्या कडेला उकिडवी बसली होती. नवरा फावड्यानं पाणी वाटेला लावत होता. ताई चहा घेऊन गेली तेव्हा बाईनं कप घेतला, पण प्याली नाही.

"अक्का, आता लगीन कुटलं?" ती म्हणाली.

ताईनं मला नंतर सांगितलं. गुरुवारी त्या बाईच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. थापकाम संपवून दोघं बुधवारी गावाला निघणार होती. कागलच्या एका शाळेच्या बांधकामाला विटा द्यायच्या होत्या, त्यामुळं आता सगळं पहिल्यापासून करणं भाग होतं. बाई साचा धुवायला नदीकडे गेली. मी तिच्या मागं चार पावलं गेलो आणि परत फिरलो.

परसात जाऊन ताईला मात्र सगळं सांगितलं. फोन, सामना, ढग, सगळं. तिनं ऐकून घेतलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"ह्यास्नी सांगू नकोस," ती शेवटी म्हणाली. "गावभर तुझं नाव सांगत फिरत्यात. तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

मी सांगितलं नाही. त्यानंतर फोन लागला नाही, की मी चौकटीत 'आज हवामानाचा अंदाज मिळू शकला नाही' असं छापायला लागलो. संपादक खवळले. "आपली अब्रू काढतोस काय?" म्हणाले. दोन वेळा खडाजंगी झाली. शेवटी त्यांनी ती चौकट माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली. तो पुन्हा कालचंच छापायला लागला.

त्या बाईच्या बहिणीचं लग्न तिच्याशिवाय झालं. शाळेच्या विटा वेळेवर गेल्या. हंगाम संपल्यावर ती दोघं गेली आणि पुढच्या वर्षी आली नाहीत.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, दाजींनी भट्टी बंद केली. तोवर ऑफिसात संगणक आले होते आणि अंदाज कुणी न मागता पडद्यावर यायचा. एका मेमध्ये त्यांच्या दारात बसलो होतो. पश्चिमेला घाटाकडं वीज चमकत होती. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

दाजी सुपारी कातरायचं थांबले.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "माझं काय, दुसरा माल झाला. त्या बाईला सांगायला पायजे हुतं तुमी."

"तेव्हा धाडस झालं नाही, दाजी."

"व्हय. ते खरं."

त्यानंतर ते आत निघून गेले. जेवताना नेहमीसारखे बोलले, पण तुमच्या पेपरात काय म्हणतंय, असं त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात भट्ट्या सुरू झाल्यावर मी रजा काढून निपाणीच्या रस्त्यानं दोन दिवस विचारत फिरलो. संकेश्वरच्या पलीकडं कुठंतरी त्यांचं गाव आहे, एवढं ताईला आठवत होतं. एका भट्टीवर मुकादमानं विचारलं, "नाव काय म्हणायचं तिचं, पावणं?" मला माहीत नव्हतं. घरी येऊन ताईला विचारलं. तिनं खूप आठवून बघितलं. आम्ही सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत होतो.