झालेल्या नाटकाची घोषणा

आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत भोंगा लावलेला ऑटो शिरला की आई अजूनही कान टवकारते. नाटक असो की भजनस्पर्धा, सांगत फिरणारा माणूस वर्षानुवर्षं तोच. आधी माइकमध्ये खाकरणार, मग ‘रसिकहो, सहकुटुंब अवश्य यावे’ असं शुद्ध बोलणार. माइक खाली ठेवला की म्हणणार, “काकू, समोरची खुर्ची धरून ठेवतो, लवकर येजा.” आई शेवंतीची वेणी माळून खरंच लवकर जायची.

आता कार्यक्रम मोबाइलवर कळतात आणि आईला पलंग सोडवत नाही. तरी परवा ऑटो आमच्याच फाटकाशी थांबला. मला जरा रागच आला.

“भाऊ, आईले आता येणं होत नाही.”

“मले माहीत आहे न,” म्हणत त्यानं भोंग्याचं तोंड तिच्या खिडकीकडे वळवलं आणि खाकरला.

“रसिकहो, काल सायंकाळी आपल्या मैदानावर नाटक झाले. पडदा मध्येच अडकला, तरी नायिका गातच राहिली. समोरची एक खुर्ची रिकामी होती.”

होऊन गेलेल्या नाटकाची घोषणा मी जन्मात ऐकली नव्हती.

आतून आईचा बारीक आवाज आला, “वन्समोअर!”

तो हसला नाही. पुन्हा खाकरला आणि ‘रसिकहो’पासून त्यानं सुरुवात केली.