मेथीच्या क्रेटमधून आलेला फोन

वाशीमच्या बाजारात मी डोक्यावरच्या पाटीपासून सुरुवात केली. आज माझा स्वतःचा भाजीचा गाळा आहे. भाव केल्याशिवाय मी कधी काही घेतलं नाही, विकलंही नाही. फोन कंपनीवर माझा राग आहे तो याचसाठी. लुबाडणारे मी खूप पाहिले, पण ते निदान समोर उभे राहून लुबाडतात. आपणही चार शब्द सुनावू शकतो.

माझी माय केनवडला एकटी राहते, घरामागच्या वावरात भाजी करते. वाशीमला चल म्हटलं की भांडते. तिच्याजवळचा बटनांचा फोन हाच माझ्या जिवाला आधार. सकाळी भाजी गाडीत चढली की ती मिस कॉल द्यायची आणि मी तो उचलायचा नाही, असं आमचं ठरलेलं. मिस कॉल आला म्हणजे माल निघाला आणि माय धडधाकट आहे.

त्या सकाळी तो आला नाही. मी लावला तर फोन बंद. गिऱ्हाईक तसंच सोडून मी निघणार, तेवढ्यात भाजीची गाडी आली. मेथीच्या क्रेटमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मायचा फोनच निघाला.

"मायनं देल्ला," गाडीवाला म्हणाला. "म्हने, हा पैसे खाते, कामाचा नाही. तुमीच ठेवा."

"तब्येत कशी हाये तिची?"

"मले शिव्या देऊन राह्यली होती. बरीच असन."

पैसे तर मी नुकतेच भरले होते. तणतणत शेजारच्या मोबाइलवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी फोन चालू केला आणि चष्मा लावून एकेक मेसेज वाचला.

"भाऊ, मायनं भजनं लावली. राशिभविष्य लावलं. अन् हा क्रिकेटचा स्कोअर."

"क्रिकेट? माय?"

"त्यातच पैसे कटून राह्यले. माह्यावर कायले वरडता? मी फकत वाचून दाखवलं."

कंपनीला फोन लावला. तिकडचा पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, ग्राहकाने एक दाबून संमती दिली आहे." मी इतका ओरडलो की समोरचा केळीवाला उठून बघायला आला. शेवटी तिन्ही गोष्टी बंद झाल्या. भजनांचे आणि भविष्याचे पैसे परत मिळाले, क्रिकेटचे मात्र त्याने दिले नाहीत. ते मी सोडलेले नाहीत. असले जाहिरातीचे फोनच येऊ नयेत म्हणून चाचांनी एक मेसेज पाठवला, पण म्हणाले, "बंद व्हायले काही दिवस लागतीन."

दुपारी केनवड गाठलं. माय वांगी तोडत होती. फोनकडे तिने पाहिलंही नाही.

"माय, एक काहून दाबलं व?"

"ते पोरगी किती गोड बोलते. एक दाबा, एक दाबा म्हनते. तिचं बोलनं झाल्याबिगर मधातच कसं ठेवू? दाबलं की गप होते बिचारी."

आमच्याकडे समोरच्याला 'ठेवू का?' विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. मायने तीच रीत पाळली होती.

"ते माणूस नाही, मशीन हाये."

"मशीन असन, पन तुह्यापेक्षा जास्त बोलते माह्याशी. तू तं उचलत बी नाही."

मी फोन पुढे केला. तिने वांग्याचं देठ मोडलं आणि म्हणाली,

"ठेवतो. पन मिस कॉल बंद. सकाळी उचलायचा अन् बोलायचं."

"सकाळी गिऱ्हाईक असते माय. दुपारी बोलू."

"मंग ने तुहा फोन."

मी अजून थोडं ताणून पाहिलं, पण ती हलेना. इतक्या वर्षांत असा पहिल्या बोलीवर सौदा मी केला नव्हता. हो म्हणालो.

आमचं बोलणं चाललंय तोच फोन वाजला. तिने कानाला लावला. तीच गोड पोरगी. माय थोडं ऐकत राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बाई, ठेवतो आता. माहा पोरगा आला हाये." आणि खरंच ठेवला.

मग जरा ओशाळून तिने तो कमरेच्या पिशवीत टाकला आणि मला म्हणाली, "उभा काय राह्यला? त्या वळीची वांगी तोड."