भिंतीतली बट

माझी मुलगी मोबाईलवर रक्त पिणाऱ्या बायांची मालिका बघते. त्या बाया देखण्या असतात, मनाला येईल तिकडे फिरतात आणि त्यांना कोणी स्वयंपाक सांगत नाही. भीती वाटते म्हणते, पण एक भाग संपला की लगेच पुढचा लावते.

आमच्या गावी, औंढ्याच्या अलीकडे, रक्त पिणारी नव्हती. हडळ होती. ती गडीमाणसाला सुकवायची. गावात कोणी बारीक होऊ लागला की चिंचेखालच्या हडळीचं नाव निघायचं. तो काय पितो, हे कोणी विचारत नसे.

हडळ हा आमच्या मोठ्या काकांचा विषय. हळद शिजवायच्या दिवसांत, दिवस कलला की गडी कढईभोवती बसत आणि काका तीच गोष्ट सांगत. एकजण बैलगाडी घेऊन औंढ्याहून येत असतो. वाटेत बाई भेटते. रूप बघत राहावं असं, पावलं मात्र उलटी. हा हुशार. विळ्यानं तिची एक बट कापतो आणि घरी आणून भिंतीत लपवतो. झालं. हडळ मुकाट्यानं मागोमाग येते, संसार करते. पहाटे उठते, पाणी भरते, थकत नाही, माहेराचं नाव काढत नाही. मग एक दिवस भिंत सारवताना तिला बट सापडते, आणि पाळण्यातलं लेकरू तसंच टाकून ती निघून जाते.

"लई बेइमान," काका म्हणत.

"पण कामाला कशी होती!" एखादा गडी म्हणे, आणि बाकीचे कढईतली वाफ बघत. जिला सगळे घाबरत, तीच प्रत्येकाला घरात हवी होती. बट तेवढी नीट लपवायला पाहिजे, असं त्यांचं मत.

मी तेव्हा लहान होते. गोष्टीतली बाई मला ओळखीची वाटली. आई पहाटे उठायची, पाणी भरायची, दिवसभर हळद वेचायची. तिचं माहेर वारंगा फाट्याजवळ, फार लांब नाही. पण वडील दरवर्षी म्हणत, "हळद होऊ दे, मग जा." हळद झाली की दुसरं काहीतरी निघायचं. मी आईची पावलं तपासली. सरळ होती. तळवे पिवळे होते, पण ते सगळ्यांचेच होते.

मग मी भिंतींत बट शोधू लागले. चुलीमागच्या कोनाड्यात काळ्या केसांचा बोळा कोंबलेला सापडला. ती गुंतवळ होती. विंचरताना निघालेले केस बाया साठवतात आणि केसांवर भांडी देणारा आला की एखादी वाटी घेतात. हे मला पुढं कळलं. त्या दिवशी वडिलांचा भयंकर राग आला. बट दिली तर आई जाणार, याची भीती त्याहून जास्त. बोळा फ्रॉकच्या खिशात घालून मी दुपारभर रडत हिंडले. शेवटी भाकरी थापत बसलेल्या आईपुढं तो धरला.

"काहून रडून राहिली गं?"

"ही घे तुझी बट. तू जा आता. मी न्हाई रडणार."

"कुठं जाऊ?"

"वारंग्याला."

मी काकांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. आई हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं उलटली नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. केस हातात धरून ती दारातून सडकेकडे बघत राहिली.

"वारंग्याची गाडी गेली का गं?"

"व्हय. मगाशीच."

"बरं," ती म्हणाली. तो बोळा तिनं स्वतःच्या हातानं परत कोनाड्यात कोंबला, होता त्याहून खोल, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

मला तेव्हा फार आनंद झाला होता.