वर म्हणजे कुठे?

आमचे नाना दारात आलेल्या माणसाला कधी 'या, बसा' म्हणत नसत. आधी विचारायचे, "कथाईन बठनात?" म्हणजे, कुठून बसलात? लाल डब्यात तिकीट तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिकीट मागायच्या आधी माणसाला तो कुठून बसला आणि कुठे उतरणार हे विचारायचं, मग तिकीट पाहायचं, ही त्यांची रीत. खोटारडा माणूस चढायचं गाव पाठ करून येतो आणि उतरायच्या गावाशी अडखळतो, असं ते म्हणत. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. दूधवाला, मीटर वाचणारा, खुद्द जावई, कोणाचीच सुटका नव्हती. जावई पहिल्या दिवाळसणाला जामनेरहून आला, तर गाडी मध्ये कुठे कुठे थांबली हे सांगता सांगता बिचाऱ्याचा चहा गार झाला.

धुळ्यात देवपूरला त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मी जवळच्याच एका ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासते. तिथे एक नवं यंत्र आलं. हनुवटी टेकवायची, आत पाहायचं, यंत्र डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढतं आणि साखरेनं पडदा खराब केलाय का ते संगणकच सांगतो. यंत्र चांगलं होतं, उगाच कशाला नावं ठेवू? पण त्याच्यासोबत एक हुकूमही आला. आधी पेशंटचा आरोग्य क्रमांक घालायचा, त्याशिवाय यंत्र चालू होत नाही. आणि आठवड्याला येणारे डोळ्यांचे डॉक्टर बंद. यंत्र ज्याच्या नावापुढे लाल खूण करील, त्यालाच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी.

नानांना साखर होती. बशीत ओतलेला चहा हल्ली बशीबाहेर जायला लागला होता. मी रोज भिंतीपलीकडून ओरडायचे, "नाना, या ना एकदा!" ते म्हणायचे, "येसू, येसू." येणार, येणार, पण येत नव्हते. कारण अक्कांचा गुडघा.

अक्का म्हणजे नानांची बायको. गावात सरकारी शिबिर झालं, तिथे अक्कांनी नाव, मोबाईल नंबर आणि गुडघ्याचं दुखणं लिहून दिलं. पुढच्याच आठवड्यात कुठल्या तरी पोरीचा फोन. "आजी, गुडघा कसा आहे? आमचा पट्टा वापरून बघा." अक्का खूश, म्हणाल्या, किती प्रेमानं चौकशी करते! नानांनी फोन हिसकावून घेतला. "अक्काचा गुडघा दुखतो हे तुला कोणी सांगितलं?" फोन कट. शिबिरातूनच नंबर गेला, याला पुरावा काहीच नाही. पण नानांच्या मनात जी पाल चुकचुकली, ती चुकचुकलीच.

शेवटी एकदाचे आले. खुर्चीत बसले, हनुवटी टेकवली आणि तशीच टेकवून विचारलं, "हाऊ फोटो कथा जास?"

"वर जातो, नाना."

"वर म्हंजे कथा? नाशिक, मुंबई, दिल्ली? का देवाघर?"

रांगेतली माणसं हसली. मी नाही हसले, कारण मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं. नाना उठले. "हाऊ मन्हा डोया शे, सरकारना नही. कुठे उतरणार ते कळल्याशिवाय मी त्याला गाडीत बसवणार नाही."

मी भडकलेच. "नाना, डोळा जाईल तुमचा! मग घेऊन बसा तुमचा हट्ट!" सगळ्यांसमोर बोलले. खाजगी डॉक्टरकडे तरी जा म्हटलं, तर म्हणाले, हक्काचा दवाखाना सोडून का जाऊ? इतका राग आला होता त्यांचा, आणि इतकी भीतीही वाटत होती.

वरच्या कार्यालयात या सगळ्यासाठी एक समन्वय कक्ष उघडला होता. मीच नानांना तिथे घेऊन गेले. साहेब तरुण, गोड बोलणारे. म्हणाले, "आजोबा, माहिती एकदम सुरक्षित आहे."

"सुरक्षित म्हणजे कुलूप लावलंय?"

"हो, तसंच समजा."

"मंग चावी कोनाजोडे शे?"

साहेब हसले. म्हणाले, यात पुष्कळ विभाग आहेत, कंपनी आहे, सगळ्यांचा समन्वय आहे. नाना म्हणाले, "म्हणजे चाव्या पुष्कळ आहेत." मग साहेबांचा आवाज बदलला. "तुम्हाला उपचार हवेत की नकोत?"

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "विनातिकीटवाल्याशी आम्ही असंच बोलायचो." मला त्यांची कीव आली, आणि कधी नव्हे ती साहेबांबद्दल शंकाही यायला लागली.

पुढे काही महिने नाना दवाखान्याकडे फिरकलेच नाहीत. मग एका सकाळी अक्कांची हाक आली. नानांच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरला होता. आत रक्त उतरलं होतं. मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. खुर्चीत बसवलं. माझं मनगट घट्ट धरून त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "आते सांग, वर हाऊ फोटो कोन दखस?" म्हणजे, कोण बघतं?

"नाना, मला आजही माहीत नाही."

त्यांनी मनगट सोडलं, हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "काढ. खोटं बोलली असतीस तर उठलो असतो."

यंत्रानं दोन्ही डोळ्यांपुढे लाल खूण केली. मोठ्या दवाखान्यात उजवा वाचला नाही. डावा लेसरनं वाचला. डावा यंत्रामुळे वाचला, हे मी नाकारणार नाही. पण आधीसारखे डॉक्टर येत असते, तर नाना महिनोन्महिने घरी बसले नसते. माझ्या मते उजवाही वाचला असता. हे मी कार्यालयात बोलले, तर तिथे सगळे फायली चाळायला लागले.

पुढे त्याच कक्षाचा फोन आला. यशोगाथेसाठी नानांचा फोटो हवा होता. मला वाटलं, हाकलून देतील. पण नाना धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. म्हणाले, "समोरून काढा. एक गेला, एक वाचला, दोन्ही लिहा." फोटोवाल्यानं समोरून काढला, डावीकडून काढला, उजवीकडून काढला. नानांनी विचारलं, "यातला छापणार कोणता?" तो म्हणाला, "ते साहेब ठरवतील, बाबा."

दिवाळीनंतर नाना गेले. झोपेतच गेले. भिंतीपलीकडून कोणी उलटतपासणी करत नाही, आणि घर खायला उठतं.

पोस्टर त्यानंतर आलं. काचेच्या चौकटीत घालून माझ्या तपासणीच्या खोलीतच लावलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वेळेवर तपासणी, दृष्टी वाचली.' फोटो डावीकडून काढलेला. मान किंचित वर, एकच डोळा, स्वच्छ, चमकदार.

अक्का डोळे दाखवायला आल्या, तेव्हा ते त्यांच्या नजरेस पडलं. जवळ गेल्या. पदरानं काचेवरची धूळ पुसली, नानांच्या गालावरून हात फिरवला आणि फोटोची कड बोटानं चाचपत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"सुनंदा, त्यासना दुसरा डोया कथा गया वं?"