कडी वाजली होती

कुणाचाही रेडिओ दोन दिवसांत बोलता करणारी आपली लेक हिरकन या एकाच रेडिओपाशी एवढी कशी अडली, हे कोडं शांताबाईंना सुटत नव्हतं. वर्गात मुली कविता म्हणत असल्या तरी त्यांच्या डोक्यात तेच घोळत राही. पोळा होऊन गेला, दसरा तोंडावर आला, तरी तिच्या सासरहून, लालबर्र्याहून आलेला तो रेडिओ पाठ उघडी टाकून खिडकीखाली बसला होता. तो सुरू झाला की पोरीनं सासरी जायचं, असं ठरलं होतं. ठरवलं होतं जावयानं. शांताबाईंनी तेव्हा फक्त चहा पुढे केला होता.

पोरीला हा नाद लावला तिच्या वडिलांनी. डोमाजी उकव्याच्या खाणीत वीजमिस्त्री होते. सुटीला बालाघाटला आले की कुणाचा तरी बिघडलेला रेडिओ मांडीवर असायचाच, आणि शेजारी ही. शांताबाई नागपूरला राहून बी.ए. झालेल्या, पोरीनं पुस्तकं वाचावीत म्हणून त्या मागे लागत. पोरगी मात्र रेडिओची पाठ उघडून आत नाक घालायची आणि वासावरून सांगायची, काय जळलं ते. डोमाजी गेल्यावरही लोक रेडिओ आणत राहिले. "मास्तरीणबाई, मिस्त्री कवा येते?" असं दारातून विचारत. मिस्त्री आत भाकरी थापत असे.

लग्न झालं ते लालबर्र्याच्या प्रेमलालशी. तो तिथल्या धानगिरणीत मुनीम. घरात त्याच्या वडिलांनी घेतलेला जुना रेडिओ मुका पडला होता. हिरकननं तो सुरू केला, आणि प्रेमलालनं गावभर सांगितलं की मी बनवला. हिरकन माहेरी आली तेव्हा हसत म्हणाली, "सांगू दे नं आई. वाजते ना, बस झालं."

तेव्हाच तिनं खुंटीचीही गोष्ट सांगितली होती. गिरणी सुरू असली की गावातली वीज मंदावते, दिवे निखाऱ्यासारखे लाल होतात आणि रेडिओ नुसता पुटपुटतो. म्हणून तिनं रेडिओमागची व्होल्टेजची खुंटी खालच्या आकड्याच्या भोकात बसवली. कमी विजेतही आवाज खणखणीत. मात्र गिरणी बंद झाली की वीज एकदम चढते. त्या दिवशी खुंटी वर न्यायची, नाहीतर आतलं सगळं भाजून निघतं. अमावस्येला गिरणी बंद, पट्टा चढत नाही. त्या दिवशी प्रेमलालनं आधी तिला सांगायचं, तिनं खुंटी फिरवायची, मग रेडिओ लावायचा, असं नवराबायकोत ठरलेलं होतं.

पोळ्यानंतर प्रेमलाल बसनं तिला घेऊन आला. रेडिओ चादरीत गुंडाळलेला. खुर्चीत बसून म्हणाला, "इनं काहीतरी उलटंसुलटं केलं जी. पाहुण्यांसमोर धूर निघाला. माय म्हणते, बाईच्या हातची मशीन अशीच जळते." मग हसून म्हणाला, "रेडिओ सुरू झाला की खबर धाडा. दोघाले सोबतच घेऊन जाईन."

हिरकन खाली बघत होती. जावईबापूंना चहात साखर कमी वाटली, ती शांताबाईंनी वाढवून दिली.

दसऱ्याच्या तोंडावर एके दिवशी शाळा लवकर सुटली. शांताबाई अंगणात आल्या तेव्हा घरात कुणीतरी हळू गात होतं. त्यांची चप्पल वाजली आणि गाणं थांबलं. आत हिरकन तांदूळ निवडत बसली होती. शांताबाईंनी रेडिओच्या माथ्यावर हात ठेवला. लाकूड गरम होतं, तव्यावरून आत्ताच उतरवलेल्या भाकरीसारखं.

"केव्हा झाला हा?"

हिरकन सुपातच बोटं फिरवत राहिली. "झाले काही दिवस."

"मग सांगितलं काहून नाही मला?"

"सांगतलं असतं तं तू खबर धाडली असती."

शांताबाई वेताच्या मोढ्यावर बसल्या. धाडली असती, हे खरंच होतं. पोस्टकार्ड आणूनच ठेवलं होतं.

"तू विसरलीस का खुंटी फिरवायला? विसरलीस तर विसरलीस, माणूस चुकतो."

"मी नाही विसरली." हिरकननं पहिल्यांदा मान वर केली. "पोळ्याची अमावस्या, गिरणी बंद, हे त्याहिले माहीत नव्हतं का? मुनीम आहेत ते. मी चुलीपाशी, पुरणात हात. ओसरीत सारे बुढे बसलेले, सासरे, मामसासरे. त्याहिले रेडिओ दाखवाची हौस. बटन फिरवल्याचा आवाज आला मले."

"मग ओरडायचं."

"बुढ्यांसमोर? सून कधी ओसरीत बोलते का, आई? दाराआडून कडी वाजवली. जोरानं वाजवली. सासू म्हणे, 'हौ हौ, आयकू आलं, पोळ्या झाल्या समजलं. ठेव झाकून.' मी आणखी वाजवली तं बुढे हासले. म्हणे, सूनबाईले वाढाची लय घाई."

सुपातले तांदूळ तिनं उगाच एकदा पाखडले.

"तुझे जावई मात्र समजले होते. कडी वाजली तसं त्याहिनं दाराकडे पाहिलं, मंग रेडिओच्या मांगं पाहिलं. आन आवाज मोठा केला. एवढ्या लोकांत उठून बायकोले इचारतीन कसे? धूर निघाल्यावर म्हणे, इनंच हात लावला होता."

शांताबाईंनीही जन्मभर वर्गात मुलींना सांगितलं होतं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. पोरगी तेवढंच नेमकं शिकली.

"जायचं आहे का तुला तिकडं?"

"त्याहिनं त्याच ओसरीत, त्याच बुढ्यांसमोर सांगावं, का मी कडी वाजवली होती. मंग पाहीन."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तं रेडिओ खराबच आहे."

गिरणीतला फोन शेठच्या गादीवर असतो, हे शांताबाईंना ठाऊक होतं. मुनीमाला बोलावलं की तो शेठपुढे, हमालांपुढे उभा राहून बोलतो, आणि लालबर्र्याची लाइन अशी की दोन्हीकडून ओरडावं लागतं. अशा गोष्टी चारचौघांत बोलू नयेत म्हणून तर आजवर पोस्टकार्डच लिहिलं होतं त्यांनी.

त्यांनी वर पाहिलं. खोलीत दिवसाही लावावा लागणारा दिवा लाल पडत चालला होता. इथल्या गिरण्या सुरू झाल्या होत्या. तिथलीही झाली असेल. मुनीम जागेवर असेल.

चप्पल पायांतच होती. "पोस्टात जाऊन येते," त्या म्हणाल्या. "गिरणीत ट्रंक कॉल लावायचा आहे. कडीचं विचारायचं आहे."