योहानच्या लग्नाचा प्रस्ताव

मंडळीतील बंधुभगिनींनो,

आपला पेटीवादक योहान याचे मन स्त्रियांकडे नव्हे, पुरुषांकडे ओढले जाते. त्याने पाळकांना विश्वासाने सांगितलेली ही गोष्ट एव्हाना सिंदेवाहीभर झाली आहे. आज त्यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आम्हा वडीलजनांची बैठक झाली.

"लगन लावून द्या त्याचं, सुधरते पोट्टा," एक वडीलजन म्हणाले.

मी विचारले, "आपली मुलगी देता का, भाऊ?"

"माही काऊन?" ते उसळले.

पत्नी गेल्यापासून वाद घालण्याचे बळ माझ्यात उरलेले नाही. परंतु संसार काय असतो, हे तिने मला शिकवले. तो औषध म्हणून कोणाला पाजता येत नाही.

रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी माझ्या शेजारची तिची रिकामी जागा मी योहानला देणार आहे. आपल्यापैकी कोण आमच्या बाकावर बसेल?